दोन स्वभाव आणि एक भिंत

नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. तास संपला आणि एक विद्यार्थी माझ्यामागोमाग व्हरांड्यात आला. म्हणाला, ''सर, तुम्ही वर्गात म्हणालात, येशू हा गोरगरिबांचा माणूस होता. आमचे पाळकसाहेब म्हणतात, तो देव होता. मग वधस्तंभावर मेलं कोण? देव मेला असेल तर तो देव कसला? आन् नुसता माणूसच मेला असेल, तर आमचं तारण झालं कसं?''

मी त्या दिवशी वेळ मारून नेली. परीक्षेचे काहीतरी सांगून त्याला वाटेला लावले. पण त्याचा प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. त्याचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच महारवाड्यातले. मिशनची शाळा आली तेव्हा त्याच्या घराने बाप्तिस्मा घेतला. माझ्या घराने १९५६ नंतर बुद्धाची दीक्षा घेतली. वाडा एक होता, वाटा दोन झाल्या. दोघेही एकाच नरकातून बाहेर पडायला धडपडत होतो. तेव्हा त्याच्या तारणाऱ्याविषयीचा प्रश्न मला परका कसा म्हणता येईल?

आपल्या परिवर्तनवादी मंडळींत अशा प्रश्नांची टिंगल करण्याची रीत आहे. 'देव की माणूस हा पोट भरलेल्या पंडितांचा वाद, त्याचा आमच्या भाकरीशी काय संबंध?' असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. मीही म्हणत असे. या वादाचा इतिहास वाचल्यावर माझे मत बदलले. येशूच्या स्वभावाविषयीचा वाद हा शेवटी 'माणूस' या शब्दात कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, याचाच वाद आहे, असे मला आता वाटते. ते का, हे या लेखात सांगायचे आहे.

१

मराठी वाचकाची पहिली अडचण 'अवतार' या शब्दाची आहे. देव माणूस झाला म्हटले की आपल्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडलेले दशावतार आठवतात. अवतार येतो, कार्य करतो, निघून जातो. त्याचे रडणे ही लीला, त्याचे मरणही लीला. ख्रिस्ती मंडळींच्या आरंभीच्या काळातही असे मानणारे पंथ होते. येशूचा देह हा नुसता भास होता, देवाला खरोखर खिळे लागलेच नाहीत, असे ते म्हणत. मंडळीने हे मत फेटाळले. देह खरा, भूक खरी, घाम खरा, मरण खरे, असा तिचा आग्रह होता. म्हणूनच मराठी ख्रिस्ती लोक 'देहधारण' असा वेगळा शब्द वापरतात. हा आग्रह लहान नव्हे. ज्यांच्या वेदनेला 'माया' म्हणून बाजूला सारले गेले, त्यांनी तरी त्याची किंमत ओळखली पाहिजे.

पुढचा वाद चौथ्या शतकातला. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला की पुत्र हा सर्व निर्मितीत श्रेष्ठ, पण निर्मितीच, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया येथे बिशपांची परिषद भरवली आणि परिषदेने ठरवले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. तरी भांडण मिटले नाही. निकियाच्या मताचा कैवारी अथानेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. राजसत्तेचा वारा फिरेल तसा कालचा पाखंडी आज धर्मनिष्ठ ठरे.

मग अपोलिनारिस आला. त्याने येशूचे देवपण मान्य केले, देहही मान्य केला, पण माणसाची बुद्धी मात्र त्याच्या ठायी नव्हती, त्या जागी देवाचा शब्दच होता, असे सांगितले. म्हणजे शरीर माणसाचे आणि विचार करणारा देव. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने हे मत धिक्कारले. त्याविरुद्ध नाझियान्झसच्या ग्रेगरीने जो युक्तिवाद केला, तो मला या साऱ्या वादातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचा आशय असा : माणसाचा जो भाग तारणाऱ्याने स्वतःवर घेतलाच नाही, तो भाग बरा होत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर, ज्याला स्पर्शच केला नाही ते मुक्त होत नाही. अस्पृश्य ठेवलेला भाग आजारीच राहतो. आणि श्रमाचे शरीर आमचे, बुद्धी मात्र दुसऱ्याची, ही वाटणी आपल्याला अनोळखी आहे काय? ज्या समाजरचनेने आपल्या बापजाद्यांचे हात वापरले आणि डोके नाकारले, ती अपोलिनारिसच्याच जातकुळीची नव्हे काय?

पाचव्या शतकात प्रश्न आणखी बारीक झाला. देव आणि माणूस दोन्ही पूर्ण असतील तर ते एकत्र नांदतात कसे? कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस मरियेला 'देवमाता' म्हणायला तयार नव्हता. ती ख्रिस्ताची आई, देवाची नव्हे, असे तो म्हणे. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने त्याच्यावर आरोप केला की तू एका ख्रिस्ताचे दोन तुकडे करतोस. ४३१ साली इफिसच्या परिषदेत नेस्टोरियसला पदच्युत करण्यात आले. त्यानंतर युटिकस नावाचा वृद्ध मठाधिपती दुसऱ्या टोकाला गेला. माणूसपण देवपणात विरून जाते, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ लावला गेला. समुद्रात पडलेल्या थेंबासारखे.

शेवटी सम्राट मार्सियनच्या काळात, ४५१ साली, बॉस्फरसच्या पलीकडच्या काठावर काल्सेदोन येथे परिषद भरली. ते ठिकाण आजच्या इस्तंबूल शहरात येते. परिषदेने सूत्र दिले : येशू खरा देव आणि खरा माणूस, व्यक्ती एक, स्वभाव दोन. हे दोन स्वभाव एकमेकांत कालवलेले नाहीत, बदललेले नाहीत, विभागलेले नाहीत, विलग केलेले नाहीत. चार नकार. दोन स्वभाव एकत्र कसे, हे सूत्र सांगत नाही. काय म्हणायचे नाही तेवढे सांगते.

हे सूत्र सर्वांनी स्वीकारले नाही. इजिप्तमधली, सीरियातली आणि आर्मेनियातली मंडळी त्यापासून वेगळी झाली. त्या फुटीचे वारस आपल्या देशात केरळमध्ये आजही आहेत. या वेगळे होण्यात श्रद्धेइतकेच राजधानीविषयीचे आणि प्रांतांच्या मानापमानाचे राजकारण होते. ते येथे उगाळत बसण्याचे कारण नाही.

२

काल्सेदोनच्या सूत्रात एक भर आहे, तिकडे मात्र मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. निकियाने म्हटले होते, पुत्र पित्याशी एकतत्त्व. काल्सेदोनने पुढे जोडले की माणूसपणाच्या दृष्टीने तो आपल्याशीही एकतत्त्व आहे, पाप तेवढे वगळून. 'आपल्याशी.' साऱ्या सूत्राचा भार मला या एका शब्दावर पडलेला दिसतो. हे 'आपण' म्हणजे कोण?

याचे उत्तर त्याच परिषदेच्या नियमांत सापडते. काल्सेदोनने श्रद्धेच्या व्याख्येबरोबर मंडळीच्या शिस्तीचे नियमही केले. त्यातला चौथा नियम मठवासी साधूंविषयी आहे आणि त्यात एक तरतूद अशी की मालकाच्या संमतीशिवाय कोणत्याही गुलामाला मठात साधू म्हणून घेऊ नये. परिषद तीच, बिशप तेच. एका कागदावर ते लिहितात की देवाने माणूसपण पूर्ण स्वीकारले. दुसऱ्या कागदावर लिहितात की गुलामाला देवाकडे जायचे तर आधी धन्याची चिठ्ठी आणावी.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. काळाची सबब आपल्याला नवी नाही. मनूच्या बाबतीतही ती आपण ऐकत आलो आहोत. पण त्याच काळात, काल्सेदोनच्या कितीतरी आधी, चौथ्या शतकात, निस्साचा ग्रेगरी नावाचा बिशप होऊन गेला. देवाची प्रतिमा असलेल्या माणसाची किंमत ठरवून त्याला विकत घेणारा तू कोण, अशा आशयाचा सवाल त्याने प्रवचनात धन्यांना विचारला होता. म्हणजे विचार उपलब्ध होता. सभेने तो घेतला नाही.

आणि ज्याच्या स्वभावांची चर्चा चालली होती, तो मेला कसा? वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. इसवी सनापूर्वी ७१ साली स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना आपियन रस्त्याच्या कडेने खांबांवर चढवण्यात आले होते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर स्पष्टच म्हटले आहे की ख्रिस्ताने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. नुसत्या 'माणसाचे' रूप म्हणून तो थांबत नाही, 'दासाचे' म्हणतो. चार शतकांनी परिषदेने 'माणूस' हा शब्द ठेवला, त्यातला 'दास' मात्र गळून गेला. माणूसपण असे अमूर्त झाले की त्याला जात, वर्ग, पाठीवरचे वळ काही उरत नाही. अमूर्त माणसावर प्रेम करणे सर्वांनाच परवडते.

३

आता आपल्या देशात या. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात एक कॅथलिक चर्च बांधले गेले. त्याला दोन दालने. दोन्ही दालने वेदीपाशी येऊन मिळतात, विजारीच्या दोन पायांसारखी. एका बाजूला वेल्लाळ ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला नाडार आणि इतर. वेदीवरचा पाद्री दोघांना दिसतो, ते मात्र एकमेकांना दिसत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली मधली भिंत पाडली गेली.

या इमारतीचा विचार करताना मला काल्सेदोनचे चार नकार आठवतात. 'कालवू नये' हा नकार भारतीय मंडळीने किती निष्ठेने पाळला! 'विभागू नये, विलग करू नये' हे दोन मात्र ती सोयीने विसरली. ज्या ख्रिस्ताची व्यक्ती अखंड आहे म्हणून मंडळीने नेस्टोरियसला हाकलले, त्याच ख्रिस्ताचे शरीर म्हणून स्वतःला मिरवणारी मंडळी विटा-चुन्याने दुभंगली. नेस्टोरियसने असे काय केले होते?

भिंत पडली तरी प्रश्न संपत नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांच्या वेगळ्या दफनभूमीविरुद्ध अगदी अलीकडेपर्यंत आंदोलने झाली आहेत. आत्मा एका स्वर्गात जाईल, पण हाडे एका मातीत जाणार नाहीत! माणसाचा देह देवाने स्वीकारला, असे ज्यांच्या धर्माचे मूळ वचन आहे, त्यांनी देहच वेगळा काढावा?

आणि हे फक्त दक्षिणेचे, फक्त उच्चवर्णीय ख्रिस्त्यांचे पाप आहे असे सांगून मला सुटता येणार नाही. आमच्या वाड्यातले ख्रिस्ती झालेले लोक मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरची भाकरी खात नसत. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रभुभोजनाची भाकर एका ताटातली चालायची, घरची चालायची नाही. आणि आम्ही बौद्ध झालेले? आम्हीही काही वेगळे वागलो असे छातीवर हात ठेवून मी म्हणू शकत नाही.

बाबासाहेबांनी हे सारे आधीच पाहिले होते. धर्मांतरित ख्रिस्त्याच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले, त्यात दोन मुद्दे ठळक आहेत. ख्रिस्ती मंडळीने जात मोडण्यासाठी हवा तेवढा झगडा केला नाही. आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही. पापाची क्षमा झाली, पण गावाने केलेल्या अन्यायाचा हिशेब मागायचा राहून गेला.

राज्यसंस्थेनेही यात आपला हात धुऊन घेतला. १९५० सालच्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माची अट घातली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तिच्यातून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना ती आजवर मिळालेली नाही. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सुसाई नावाच्या ख्रिस्ती माणसाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ साली ती फेटाळण्यात आली. धर्मांतरानंतरही तेवढाच तीव्र छळ टिकून आहे हे पुरेसे दाखवलेले नाही, असे कारण दिले गेले. म्हणजे हाताला चामड्याचा वास तोच, बसायची जागा तीच, पण कागदावर तो वेगळा प्राणी. काल्सेदोनने एका व्यक्तीत दोन स्वभाव एकत्र धरले. आपल्या व्यवस्थेने एका चांभाराचे दोन तुकडे केले आणि एकाचीही जबाबदारी घेतली नाही.

४

या पार्श्वभूमीवर अरविंद निर्मळ यांचे काम वाचले पाहिजे. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या धर्मचिंतनाची मांडणी केली आणि तिथून पुढे 'दलित थिऑलॉजी' नावाचा प्रवाह वाहू लागला. त्याआधी ख्रिस्ती भारतीय चिंतनात वेदान्ताशी नाते जोडण्याची हौस मोठी होती. ख्रिस्ताला उपनिषदांच्या भाषेत बसवायचे, भक्तीच्या भाषेत आळवायचे. निर्मळ यांनी विचारले, मंडळीतले बहुसंख्य लोक दलित, मग चिंतन ब्राह्मणी का? हा प्रश्न दलित साहित्याने मराठी साहित्याला विचारलेल्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

त्यांचे मुख्य विधान असे की येशू स्वतः दलित होता आणि त्याचे माणूसपण व देवपण ही दोन्ही त्याच्या दलितत्वातूनच समजून घेतली पाहिजेत. पुरावे म्हणून ते त्याच्या वंशावळीतल्या तामार आणि राहाब यांसारख्या स्त्रिया दाखवतात, जकातदार आणि पापी ठरवलेल्यांबरोबरचे त्याचे जेवण दाखवतात, मंदिराच्या शुद्धीकरणाचा प्रसंग दाखवतात. त्या प्रसंगात परक्यांसाठी राखलेले अंगण बाजाराने बळकावले होते. येशूने ते त्यांना परत मिळवून दिले, असे निर्मळ म्हणतात आणि आपल्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यांशी त्याचे नाते जोडतात. काळाराम मंदिरापुढचा १९३० चा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना हे वाचताना आतून काहीतरी हलल्यासारखे होते. काल्सेदोनने 'आपल्याशी एकतत्त्व' म्हटले आणि 'आपण' कोण ते मोघम ठेवले. निर्मळ यांनी त्या जागी नाव लिहिले. ही त्यांची मोठी कामगिरी आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो.

माझा मतभेद पुढे सुरू होतो. देवपणही दलित आहे हे सिद्ध करताना निर्मळ सेवेकडे वळतात. यशयाच्या ग्रंथातला दुःख भोगणारा सेवक घेऊन ते म्हणतात की दलितांचा देव हा सेवा करणारा देव आहे, तो धोबी आहे, भंगी आहे. सेवा हा त्याचा स्वधर्म आहे, आणि म्हणून सेवा हे आमचे भागधेयही आहे व मानही.

हेतू मला कळतो. ज्याला सगळ्यांनी घाण म्हटले त्याला देवाच्या जागी बसवायचे आहे. पण 'स्वधर्म' हा शब्द येताच माझे कान टवकारतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे त्यांच्या त्यांच्या स्वभावातून उपजलेली म्हणून सांगितली आहेत आणि शूद्राच्या वाट्याला सेवा आली आहे. आपल्या भाषेत 'स्वभाव' हा शब्द निरागस नाही. तो ख्रिस्ताच्या चर्चेत आला तरी अंगावर वर्णाचा शिक्का घेऊनच येतो. मैला उपसणे हा कोणाचाही स्वभाव नाही. ते लादलेले काम आहे. दलितत्व ही अवस्था आहे, ती माणसांनी केली आणि माणसांनाच मोडायची आहे. अवस्थेला स्वभाव म्हटले, आणि वर तो देवाचा स्वभाव म्हटले, की मोडायचे काय आणि कशाला? देवच झाडू मारत असेल तर झाडू फेकून देणारा पोरगा देवद्रोही ठरेल!

स्वभाव आणि अवस्था यांतला हा फरक जुन्या परिषदांच्या भाषेतही बसतो. पौल म्हणतो ख्रिस्ताने दासाचे रूप 'घेतले'. जे घेतले ते मूळचे नव्हे. ज्याला देवपणातून उतरून दास व्हावे लागले, त्याच्या कथेतून दास्य पवित्र ठरत नाही. दास्यात पिचणारा माणूस किती मोलाचा आहे, एवढेच ठरते. निर्मळ यांनी हा धागा धरला असता तर त्यांचे विधान अधिक बळकट झाले असते, असे मला वाटते. त्यांच्या नंतरच्या दलित ख्रिस्ती चिंतकांतही वेदनेवरचा हा भर कृतीला लंगडे करतो, अशी टीका झाली आहे. ती योग्य आहे.

५

जोतीराव फुल्यांनी या प्रश्नाला फार वेगळ्या बाजूने हात घातला. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. त्याचे स्वभाव किती, हे जोतीरावांनी विचारले नाही. तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, त्याला कोणी मारले आणि त्याच्यामुळे कोणाच्या बेड्या तुटल्या, एवढे पाहिले. तारणाऱ्याची ओळख त्याच्या तत्त्वावरून न करता त्याच्या कृतीवरून करायची, ही आपल्याकडची या वादातली सर्वांत मोठी उडी मी समजतो.

बाबासाहेब त्याही पुढे गेले. येशूने आपण देवाचा पुत्र असल्याचा दावा केला. बुद्धाने स्वतःसाठी धम्मात कसलीही जागा राखली नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असा भेद त्यांनी केला. तारणारा बाहेरून येणार असेल तर त्याचे स्वभाव मोजत बसावे लागते. चालायचे आपल्यालाच असेल तर वाट दाखवणारा माणूस पुरतो. मी याच बाजूचा आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

पण आपण फार ऐटीत राहू नये. बुद्धाचा देह लोकोत्तर होता, त्याची भूक, त्याचा थकवा हे लोकांसाठीचे दाखवणे होते, असे मानणारा लोकोत्तरवादी पंथ बौद्धांतही होऊन गेला. केरळात पोयकयिल योहन्नान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चर्चमधली जात पाहून बायबलच नाकारले आणि प्रत्यक्ष रक्षा दैव सभा स्थापन केली. आज त्यांचे अनुयायी त्यांनाच देव मानतात. आणि आपल्या वस्तीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे नवस बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. जो माणूस आपल्यातला होता, त्याला वर चढवले की त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी संपते. युटिकसचा समुद्र प्रत्येक धर्मात आहे, आणि आपला माणूस त्यात विरघळायला वेळ लागत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर देणे लागतो. तो आता कुठेतरी शिक्षक असेल, कदाचित हे वाचेलही. बाबा रे, वधस्तंभावर मेला तो माणूस, आणि तो गुलामाच्या मरणाने मेला, एवढे मी ठामपणे सांगतो. त्याच्यात देव होता की नाही, हे तुझ्या श्रद्धेने ठरवावे. त्यात मी पडत नाही. पण तुझे पाळकसाहेब तो 'आपल्याशी एकतत्त्व' आहे असे शिकवत असतील, तर त्यांना एवढे विचार : या 'आपण'मध्ये मांगवाडा आहे का? आपल्या मंडळीच्या पंचात त्यांचे कोणी आहे का? दफनभूमीत त्यांची जागा कुठे आहे? मीही आमच्या विहारात जाऊन हेच प्रश्न विचारतो. उत्तरे दोघांनाही आवडणार नाहीत. मग दोघांनी बसून पुढचे बोलू.